पेटीकडून अकॉर्डियनकडे : नवशिक्यांसाठी

कोल्हापूर ही थोर हार्मोनियमवादक आणि प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीतकार गोविंदराव टेंबे यांची कर्मभूमी असल्याने, येथील नवशिक्याने अकॉर्डियनकडे पेटीच्या वाटेने जाणे स्वाभाविक ठरते. कारण सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये व्हिएन्नात पेटंट घेतलेल्या या वाद्यातही भात्याच्या हवेनेच रीड, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, कंप पावून स्वर निर्माण करतात.

फरक आहे तो हातांच्या कामात. पियानो अकॉर्डियनची पट्टी उभी असून खर्जाचे स्वर हनुवटीकडे येतात आणि ती वादकाला नीट दिसत नसल्याने काळ्या पट्ट्या चाचपून जागा ओळखाव्या लागतात. डावा हात भाता ओढतो आणि त्याच वेळी बटणेही दाबतो. आवाजाचा चढउतार मात्र भात्यावरच अवलंबून असतो.

मोठ्या वाद्यात डावीकडे १२० बटणे असली, तरी आरंभी ४८ पुरेशी होतात. मूळ स्वरांच्या ओळीत ज्या बटणावर बहुधा खळगा असतो ते ‘पांढरी एक’ होय; त्याच्या वर त्याचा पंचम, म्हणजे ‘पांढरी पाच’, आणि खाली मध्यम, म्हणजे ‘पांढरी चार’, मिळतो. दादऱ्यात पहिल्या व चौथ्या मात्रेवर मूळ स्वर आणि उरलेल्या मात्रांवर त्याच तिरक्या रांगेतील शेजारची मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प हा स्वरसमूह, वाजवावा. डावा हात बसल्यावरच उजव्या हाताने बिलावलचे अलंकार जोडावेत.