पुरुषांतील केशगळती आणि ग्रामीण आरोग्य

बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून लोकांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम डोके खाजे आणि मग तीन-चार दिवसांतच टक्कल पडे. आरोग्य पथके गावोगाव गेली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञही तेथे पोहोचले. आरंभी संशय पाण्यावर व बुरशीवर होता. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १८ गावांतील २७९ बाधितांची नोंद करून आहारातील गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार आढळल्याचा निष्कर्ष मांडला. अनेकांचे केस कालांतराने पुन्हा उगवू लागले. परंतु दरम्यान लज्जेपोटी कित्येकांनी मुंडण केले, मुलांना शाळेत जाणे नकोसे झाले आणि ठरलेले विवाहही अडले, अशी वृत्ते प्रसिद्ध झाली.

या घटनेपासून चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांनीही बोध घेण्यासारखा आहे. केस गळणे हे एकाच कारणाने घडत नाही. काही वेळा तो वयाचा धर्म असतो, तर काही वेळा आजाराची सूचना असते. हा भेद ओळखला तर अनाठायी खर्च टळतो आणि खऱ्या आजारावर वेळीच उपचार होतो.

आनुवंशिक टक्कल

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक होय. पुरुषांतील नेहमीच्या टकलात मात्र पुरुषी संप्रेरकाच्या परिणामाने केसांची मुळे क्रमाक्रमाने बारीक होतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंस आणि माथ्यावर केस विरळ होत जातात. मागील व कानांजवळील केस बहुधा टिकून राहतात. ही प्रवृत्ती आईकडून तसेच वडिलांकडूनही येते. पाणी बदलल्याने, टोपी किंवा फेटा वापरल्याने अथवा वरचेवर केस कापल्याने असे टक्कल पडत नाही. ते संसर्गजन्य नाही आणि त्यामुळे कष्ट करण्याच्या शक्तीत काहीही उणे येत नाही.

आजाराची सूचना देणारी गळती

तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळची उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरील केस सर्वत्र विरळ होतात. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोली जिल्ह्यातून येत असल्याने या भागात याचे विशेष महत्त्व आहे. पावसाळ्यात हिवताप झालेल्या माणसाचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागले तर त्याचा संबंध पूर्वीच्या तापाशी असू शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही. प्रकृती सुधारली व आहार पुरेसा मिळाला की असे केस काही महिन्यांत आपोआप परत येतात. रक्तक्षय असल्यास त्यावर उपचार व्हावेत.

एकाच ठिकाणी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर त्यास चाई म्हणतात. ही संसर्गाने होत नाही. आश्रमशाळांतील मुलांत खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस असलेले चट्टे दिसल्यास ते डोक्याचे गजकर्ण असण्याचा संभव असतो. एकच फणी व टॉवेल अनेकांनी वापरल्याने ते पसरते. नुसत्या मलमाने ते बरे होत नाही, पोटात घेण्याचे औषध लागते.

भुवयांच्या बाहेरील बाजूचे केस गळणे हे लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नये. त्याजोगे त्वचेवर बधिर चट्टे किंवा कानांच्या पाळ्यांची जाडी दिसली तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करावी. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेथे हे सांगण्याची वेगळी गरज पडू नये. तरीही लाजेमुळे रुग्ण आजार लपवितात. या रोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि वेळीच सुरू केल्यास अपंगत्व टळते.

उपचार व फसव्या जाहिराती

आनुवंशिक टकलावर दोन औषधे परिणामकारक ठरली आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा उपयोग ध्यानात आला. आता ते डोक्यावर लावण्यासाठी मिळते. फिनास्टेराइड ही गोळी केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. काहींना तिच्यामुळे लैंगिक तक्रारी उद्भवतात, आणि गरोदर स्त्रियांनी तुटलेली गोळी हाताळू नये. दोन्हींचा गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबविल्यास पूर्वस्थिती परत येते. केशरोपण ही शस्त्रक्रिया असल्याने ती पात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

मोहाच्या बियांचे वा करंजीचे तेल लावल्याने केस मऊ होतात. परंतु टकलावर त्याने नवे केस उगवत नाहीत. आठवडी बाजारात चमत्कारिक तेलाची बाटली विकणाऱ्याचे दावे कायद्याच्याही विरुद्ध असतात. औषध नियम, १९४५ च्या 'जे' अनुसूचीत टकलाचा समावेश असून ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही. मजुरीच्या पैशातून अशा बाटल्या घेणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी सांगावयास हवे.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी वर्गात टकलाची थट्टा होऊ देऊ नये आणि चट्टे असलेल्या मुलास घरी न पाठविता आरोग्य केंद्राकडे पाठवावे. एकाच गावात थोड्या दिवसांत अनेकांचे केस गळू लागले तर पंचायत सदस्यांनी आशा सेविकेमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. पाण्याबरोबरच धान्याचेही नमुने राखून ठेवावेत. कोणत्याही कुटुंबावर बहिष्कार पडणार नाही, हे पाहणेही पंचायतीचेच काम आहे. शेगाव तालुक्यात केसांबरोबर माणसांची अब्रूही पणाला लागली होती. तशी वेळ अन्य कोणत्याही गावावर येऊ नये, यासाठी हे ज्ञान गावातील प्रत्येक घरी पोहोचणे अगत्याचे आहे.