फोन पडला, वायफाय गेलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोन फरशीवर आपटतो, काच शाबूत दिसते आणि आपला जीव भांड्यात पडतो. थोड्या वेळाने कळतं, की वायफाय लागत नाही. मग घाईघाईने केलेल्या उपायांत फोटो पुसले जातात, नाहीतर दुरुस्त होणारा फोन भंगारात जातो. खरं तर बिघाड कुठे आहे, हे लक्षणांवरूनच बरंचसं कळतं.

गैरसमज : काच फुटली नाही, म्हणजे आत काही झालेलं नाही.
वस्तुस्थिती : वायफायची आयसी, म्हणजे चिप, बोर्डावर सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर बसवलेली असते. आपटल्यावर बोर्ड क्षणभर जरी वाकला, तरी एखाद्या गोळीला चीर जाऊ शकते. ती बाहेरून दिसत नाही. काच मात्र तशीच राहते.

गैरसमज : वायफाय गेलं, म्हणजे आयसीच गेली.
वस्तुस्थिती : आधी घरातले बाकीचे फोन त्याच वायफायला जोडले जातात का, ते पाहा. ते चालत असतील, तर आपला फोन राउटरजवळ न्या. तिथे चालतो आणि पलीकडच्या खोलीत गेलं की तुटतो, असं असेल तर संशय अँटेनावर घ्यावा. अँटेनाची बारीक वायर बोर्डावर टिचबटणासारखी दाबून बसवलेली असते. काही फोनमध्ये वायरऐवजी स्प्रिंगचे पत्रे असतात. धक्क्याने वायर निसटते किंवा पत्रा वाकतो. हे काम तुलनेने सोपं आणि स्वस्त असतं.

सेटिंग्जमधलं वायफायचं बटण करडं पडलं असेल, दाबूनही सुरू होत नसेल आणि ब्लूटूथही त्याच वेळी गेलं असेल, तर मात्र आयसीकडे बोट जातं. बहुतेक फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच आयसीवर चालतात.

गैरसमज : फॅक्टरी रीसेट केलं किंवा सॉफ्टवेअर मारलं, की ठीक होतं.
वस्तुस्थिती : तुटलेला सांधा सॉफ्टवेअरने जुळत नाही. फोन बंद करून चालू करा, मग फक्त नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करून पाहा. त्यात जतन केलेले वायफाय पासवर्ड जातात, फोटो जात नाहीत. एवढ्याने फरक पडला नाही, तर फॅक्टरी रीसेटच्या वाटेला जाऊ नका. आधी केबल लावून सगळा डेटा कॉम्प्युटरवर घ्या. वायफाय नसलं तरी केबल चालते.

गैरसमज : हेअर ड्रायरने गरम केलं, की सोल्डर पुन्हा बसतं.
वस्तुस्थिती : फोनमध्ये सर्रास वापरलं जाणारं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. ड्रायर तिथवर पोचत नाही. बॅटरीला मात्र ६० अंशांपुढची उष्णताही धोक्याची असते. गरम केल्यावर वायफाय थोडा वेळ आलं, तर चिरलेली टोकं तात्पुरती टेकली एवढाच त्याचा अर्थ. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या फोनमध्ये बाहेर काढल्यावर दव धरतं; तोही उपाय नको. पडल्यानंतर फोन फुगला किंवा विनाकारण तापू लागला, तर चार्जिंगला लावूच नका.

गैरसमज : बोर्डावरचा बिघाड, म्हणजे नवा फोनच घ्यायचा.
वस्तुस्थिती : कुशल कारागीर मायक्रोस्कोपखाली आयसी उचलतो, जुनं सोल्डर साफ करतो, नव्या गोळ्या बसवून ती पुन्हा जागेवर लावतो. यालाच रीबॉलिंग म्हणतात. आयसीच खराब असेल, तर ती बदलता येते. नुसती हीट गन फिरवून दिलेला फोन पुष्कळदा काही दिवसांत पुन्हा बिघडतो. म्हणून दुकानात विचारा : अँटेना तपासला का? आयसी काढून बसवणार, की फक्त गरम करणार? कामाची गॅरंटी किती? वॉरंटी शिल्लक असेल, तर फोन बाहेर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. पडल्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत, पण बाहेर उघडलेल्या फोनची उरलेली वॉरंटीही धोक्यात येते.

फोन देताना “वायफाय चालत नाही” एवढंच सांगून थांबू नका. कधी पडला, ब्लूटूथ चालतं का, राउटरजवळ काय होतं, हे सांगा. एवढ्या माहितीवर चांगला कारागीर थेट योग्य जागी हात घालतो आणि गरज नसलेल्या कामाचे पैसे वाचतात.