नोबेलविजेत्याचा उंचवटा

महामार्गाकाठच्या कुठल्याही गावात पारावर घटकाभर बसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "एवढे अपघात होतात, मग इथं एक स्पीड ब्रेकर टाकायला सरकारचं काय जातं?" सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५वरच्या अणदूरला तर हा प्रश्न विचारायचा पुरेपूर हक्क आहे. इथला खंडोबासुद्धा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गात मुक्कामाला असतो. देवाचीच ये-जा चुकत नाही, तिथं माणसांची काय कथा!

सरकारी उत्तर छोटं आहे. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक चालत नाही, आणि २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गतिरोधक काढून टाकायचे आदेशही दिले. भारतीय रस्ते काँग्रेसची नियमावली एक पर्याय देते : गावातला लहान रस्ता जिथं महामार्गाला मिळतो, तिथं लहान रस्त्यावर उंचवटा घाला. म्हणजे वीसच्या वेगाने येणाऱ्या सायकलवाल्याला आवरायचं आणि नव्वदच्या ट्रकला वाट मोकळी ठेवायची. नियमात तर्क आहे, पण तो गावाच्या बाजूने बघणारा नाही.

मुळात हा उंचवटा चीज काय आहे? आपल्याकडे त्याला कोणी विज्ञान समजत नाही. डांबराचा ढीग आणायचा, फावड्याने पसरायचा, झालं. पण त्याचा विचार नीट बसून ज्या माणसाने केला, तो भौतिकशास्त्रातला नोबेलविजेता होता. आर्थर कॉम्प्टन. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, हा शोध त्याचा. त्याला १९२७ चं नोबेल मिळालं. त्याच सुमारास तो लाहोरच्या पंजाब विद्यापीठातही राहून गेला होता. पुढे तो सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरून गाड्या भरधाव जाताना त्याला दिसायच्या. दुसरा कोणी असता तर पाटी लावून मोकळा झाला असता. कॉम्प्टनने १९५३ मध्ये उंचवट्याची आकृती काढली.

यातली खरी गंमत पुढे ब्रिटिश रस्ता संशोधन प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत उघड झाली. अरुंद, टोकदार उंचवटा हळू जाणाऱ्यालाच जास्त झोडपतो. वेगात आलेल्या गाडीचं चाक उसळतं, स्प्रिंग तो धक्का गिळते आणि आतल्या माणसाला फारसं काही कळत नाही. गावोगावचे डांबरी वरवंटे नेमके याच जातीचे आहेत. त्यावर पाठीमागे बसलेली बाई दुचाकीवरून पडते आणि जीप मात्र सुसाट निघून जाते. लांब आणि सपाटसर उंचवट्याचं नेमकं उलटं : वेग जितका जास्त, तितका त्रास जास्त. आपल्या नियमावलीतलं माप ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असं आहे, म्हणजे साधारण १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. गणित दहावीचंच आहे. ताशी २५ किलोमीटरला वर फेकणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतं. ४६-४७ला ते गुरुत्वाकर्षणाइतकं होतं आणि चाकं जमीन सोडू लागतात. इथं पोलीस लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. गुरुत्वाकर्षण लाच खात नाही.

मग हाच उंचवटा महामार्गावर का नको? कारण ताशी ८०ने येणाऱ्या मालाने भरलेल्या ट्रकपुढे तो अचानक आला तर ट्रक उलटेल किंवा मागचा त्यावर आदळेल. वेग आधीच उतरलेला हवा, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. समजा, एक गाडी ६०ने आणि दुसरी ८०ने शेजारी-शेजारी चाललीय. पुढे म्हैस आडवी आली. दोघांनाही ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला आणि ब्रेक सारखेच चांगले. साठची गाडी सुमारे ३६ मीटरवर थांबते. त्याच जागी ऐंशीची गाडी अजून ताशी ६०हून अधिक वेगात असते. फरक वीसचा होता, म्हशीपर्यंत पोहोचेस्तोवर तो साठचा झाला.

या विषयात ज्याचं नाव घराघरात माहीत असायला हवं होतं, तो माणूस आपलाच होता. दिनेश मोहन. मुंबई आयआयटीत शिकलेले आणि १९७९ पासून दिल्ली आयआयटीत असलेले. २०२१ मध्ये कोविडने ते गेले. कडबा कुट्टीच्या यंत्रात उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांच्या पोरांची बोटं जात, तेव्हा 'पोरांकडे लक्ष द्या' असा उपदेश त्यांनी केला नाही. त्यांच्या गटाने दातेचाकांवर झाकण आणि चक्राला अडसर सुचवला. माणूस चुकणारच हे धरून यंत्र बनवायचं, हीच दृष्टी त्यांनी रस्त्याला लावली. युरोप-अमेरिकेचे मोटारींसाठीचे महामार्ग जसेच्या तसे इथं उतरवू नका, इथं रस्त्यावर दुचाक्या, सायकली आणि पायी माणसं जास्त आहेत, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. आकडे त्यांच्याच बाजूने आहेत. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यांवर मेली. शंभरातली चौसष्ट दुचाकीवरची किंवा पायी चालणारी होती. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण सुमारे छत्तीस टक्के मृत्यू त्यांच्यावर. हल्ली यावर उपाय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे दाखवले जातात. नको कशाला म्हणा, पण कॅमेरा पावती पाठवतो, उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही ती दिसतच नाही.

रुंद, सरळ, मोकळा रस्ताच चालकाला 'पळव' म्हणतो. म्हणून गाव सुरू होताना रस्त्याचं रूप बदलायला हवं : मार्गिका अरुंद, कडेला झाडं, दोन्ही अंगांना सायकली आणि माणसांसाठी वेगळी पट्टी, दुभाजकात रस्ता ओलांडणाऱ्याला थांबण्याइतकी जागा. वेग असा टप्प्याटप्प्याने उतरला की मग त्या लांब, सपाटसर उंचवट्यालाही अर्थ येतो. दुभाजकाचा कटही गावाजवळच हवा. तो लांब ठेवला तर पेट्रोल जाळून वळसा कोण घालणार? रॉंग साइडने येणं हा आडमुठेपणा कमी आणि साधा हिशोब जास्त. पायी माणसाला रस्ता द्यायचं आपल्याला कळत नाही असंही नाही. आश्विन पौर्णिमेला सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद होतो आणि सगळा तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांच्या पायांखाली येतो.

अपघातानंतरच्या फिर्यादीत मात्र 'हयगयीने व निष्काळजीपणे भरधाव' हे चालकाबद्दलच लिहिलं जातं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८-अ हे कलम आलं, त्यानुसार सुरक्षेचे निकष न पाळणारा आराखडाकार आणि कंत्राटदारही जबाबदार ठरतो. दंड जास्तीत जास्त १ लाख रुपये, एका चांगल्या दुचाकीच्या किमतीएवढा. तरी कलम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही असते. ग्रामसभेने ठरावात 'स्पीड ब्रेकर मिळावा' एवढ्यावर न थांबता गावाच्या हद्दीतल्या रस्त्याचं सुरक्षा लेखापरीक्षण मागावं, आणि अहवाल चावडीवर लावायला सांगावं.