मिस्टर बीनचं कुलूप आणि आमची मिनी



मिस्टर बीनची ती पोपटी मिनी आठवते ना? दाराला बाहेरून कडी, कडीला भलंमोठं कुलूप, आणि वर खबरदारी म्हणून स्टिअरिंग व्हील काढून सोबत घेऊन निघालेले बीनसाहेब! भारतात टीव्हीवर ते बघून आम्ही पोट धरून हसलो होतो. इथे इंग्लंडमध्ये येऊन स्वतः जुनी मिनी घेतल्यावर मात्र कळलं, की माणूस वेडा वाटला तरी त्याचा विचार बरोबर होता!

आमची मिनी १९८३ सालची, ९९८ सीसीची. शेजारच्या इंग्रज आजोबांची नजर अधू झाली आणि त्यांनी ती आम्हाला दिली. किंमत अगदी वाजवी घेतली, पण बजावून सांगितलं, "विकत देत नाहीये, सांभाळायला देतोय." १९५९ ते २००० या काळात अशा ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या. आजोबांनी सांभाळायला दिलेली मात्र एकच.

गेल्या नोव्हेंबरात एका पावसाळी रात्री कोणीतरी तिचं दार उघडलं आणि इग्निशनचं कुलूप फोडलं. सकाळी बघतो तर गाडी जागेवरच! जुन्या मिनीचा डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या लगेच मागे असतो. पावसाचं पाणी तिथे पोचलं की गाडी सुरू व्हायला नखरे करते. त्या रात्री बहुधा तेच झालं असावं. ज्या खोडीला आम्ही इतके दिवस शिव्या घातल्या, तिनेच गाडी वाचवली! पण दर वेळी पाऊस थोडाच मदतीला येणार? आम्ही दोघंही इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. तीन शनिवार-रविवार खर्ची घालून जे शिकलो ते इथे मांडतोय. आपल्यातल्या ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांना उपयोग होईल.

आधी एक गैरसमज

सेंट्रल लॉकिंग म्हणजे सुरक्षा नव्हे, ती सोय आहे. रिमोट दाबला, दोन्ही दारं बंद झाली, छान वाटलं. पण कुलूप आतमध्ये तेच जुनं राहतं, आणि काच तर कशानेही फुटते. कंप्युटरच्या सुरक्षेबद्दल आपण ऑफिसात जे बोलतो तेच इथे लागू आहे: एकच भिंत अभेद्य करण्यापेक्षा एकामागे एक चार साध्या भिंती उभ्या करा. चोराला घाई असते. प्रत्येक भिंतीपाशी त्याचा वेळ गेला पाहिजे.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत इग्निशनचं कुलूप फुटलं की पुढे अडवायला काहीच नसतं. आमची मिनी त्यातलीच.

पहिली भिंत: दारं

सेंट्रल लॉकिंगचा किट महाग नसतो. त्यात प्रत्येक दारासाठी एक ॲक्चुएटर, एक कंट्रोल बॉक्स आणि रिमोट येतात. ॲक्चुएटर म्हणजे छोटी मोटर. तिला एका दिशेने वीज दिली की दांडी बाहेर, उलट दिशेने दिली की आत. कंट्रोल बॉक्स अर्ध्या-एक सेकंदाचा झटका देतो, बस्स. ड्रायव्हरच्या दारातल्या ॲक्चुएटरला पाच वायरी असतात: दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. किल्लीने कुलूप फिरवलं की हा स्विच बॉक्सला कळवतो आणि दुसरं दारही पाठोपाठ बंद होतं. दुसऱ्या दाराला दोनच वायरी पुरतात.

काम करताना हे लक्षात ठेवा:

१. दाराचं आतलं पॅनेल काढल्यावर आधी जुनं कुलूप साफ करून ग्रीस लावा. हाताने अडखळणारं कुलूप मोटरलाही झेपत नाही.

२. ॲक्चुएटरची दांडी कुलपाच्या दांडीला शक्यतो समांतर ठेवा. तिरकी बसवली की ओढ वाया जाते. आणि स्क्रू पक्का करण्यापूर्वी काच पूर्ण खाली-वर करून बघा. आम्ही हे विसरलो, आणि काच मधेच ॲक्चुएटरवर टेकली!

३. दारातून आत जाणाऱ्या वायरीला रबरी ग्रोमेट हवाच, आणि दार उघडल्यावर ताण येणार नाही इतकी ढील. नाहीतर वायर पत्र्यावर घासते आणि शॉर्ट होते.

४. दार आतून हाताने उघडलंच पाहिजे, आणि बाहेरून किल्ली चाललीच पाहिजे. मोटर अडकली किंवा बॅटरी बसली तरीही. गाडीत लेकरं बसतात, इथे तडजोड नाही.

५. चाचणी घेताना एक काच उघडी ठेवा. किल्ली आत आणि आपण बाहेर, हा अनुभव आम्ही घेतलाय, तुम्ही घेऊ नका!

जुन्या ब्रिटिश गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असतात. तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट वायर, जांभळी बॅटरीचीच पण फ्यूजमधून आलेली, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी तीच पण फ्यूजनंतरची, आणि काळी अर्थ. तरी आधीच्या मालकांनी चाळीस वर्षांत काय काय उद्योग केलेत ते कोणाला ठाऊक! प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळण्याचा आपला जुगाड इथे नको. किटची मुख्य वायर बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा.

गाडी साठच्या दशकातली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचे किट निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेले असतात. न बघता जोडलात तर किट जळालाच म्हणून समजा.

दुसरी भिंत: बॅटरी

मिनीची बॅटरी डिकीत असते. तिथेच आम्ही किल्लीवाला आयसोलेटर स्विच बसवला. किल्ली काढली की इंजिनाची वीज बंद. पण मग रिमोटही बंद पडणार! म्हणून लॉकिंगची वायर आयसोलेटरच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतली, अर्थात तिच्या स्वतःच्या फ्यूजमधून.

इथे थोडं गणित. आमचा किट नुसता बसून २० मिलीअँपिअर खातो. म्हणजे दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, आणि ३० दिवसांत १४.४. आमची बॅटरी ४० अँपिअर-तासांची, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गेली! डिसेंबरात महिनाभर भारतात जाऊन आलात तर थंडीत गाडी सुरू होणं कठीण. म्हणून लांब सुट्टीवर जाताना बॅटरीचं टोक काढून ठेवावं, किंवा गॅरेज असेल तर बॅटरी मेंटेनर लावावा. आमच्याकडे गॅरेज नाही, म्हणून आम्ही टोक काढतो आणि दारं किल्लीने लावतो.

तिसरी भिंत: इंजिन

इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या वायरीत लपवलेला स्विच ही जुनी युक्ती. ती चालते, पण धोका समजून घ्या. हलका स्विच किंवा सैल जोड मोटरवेवर ऐन वेगात निसटला तर गाडी तिसऱ्या लेनमध्ये बंद! स्टार्टरची वायर तोडणं त्या मानाने सुरक्षित, कारण बिघाड झाला तर गाडी फक्त सुरू होत नाही. पण मिनी हलकी, दोघांनी ढकलून सुरू करता येते. म्हणून दोन्ही तोडणारा, थॅचमची मान्यता असलेला इमोबिलायझर आम्ही व्यावसायिकाकडून बसवून घेतला. आमची हौस दारांपुरती, हे मान्य करायला लाज वाटली नाही.

चौथी भिंत: दिसणारी आणि शोधणारी

स्टिअरिंगवर लावायचा जाड दांडा दिसायला ओबडधोबड, पण चोराला लांबूनच दिसतो, हाच त्याचा गुण. शिवाय आत लपवलेला जीपीएस ट्रॅकर. घेताना एवढं विचारा, की तो फक्त टू-जी नेटवर्कवर चालतो का? ब्रिटनमध्ये टू-जी उशिरात उशिरा २०३३ पर्यंत बंद होणार आहे. एअरटॅग स्वस्त आहे, पण त्याला स्वतःचा जीपीएस नाही, आणि आपल्यासोबत अनोळखी टॅग फिरतोय हे तो चोराच्या फोनलाही सांगू शकतो. सामान शोधायला बरा, गाडीसाठी फक्त जोडीला.

हे सगळं केल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा, आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी घ्या. वायरिंगचा नकाशा काढून घरात ठेवा, गाडीत नाही! मूळ पत्र्याला शक्यतो नवं भोक पाडू नका. उद्या ही गाडी आपणही कोणाला तरी सांभाळायलाच देणार आहोत.

शेवटचं कुलूप

काम संपलं त्याच आठवड्यात बाबा नाशिकहून आले. (सासरे कोणाचे आणि वडील कोणाचे ते सोडा, आम्ही दोघंही त्यांना बाबाच म्हणतो!) मोठ्या ऐटीत आम्ही रिमोट दाबला. खट्! बाबा म्हणाले, "वा!" आणि सवयीप्रमाणे गाडीभोवती फेरी मारून दोन्ही दारं ओढून बघितली. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीची चारही दारं ते रोज रात्री अशीच ओढून बघत, आणि आम्ही त्यांची थट्टा करत असू.

डावीकडचं दार उघडलं!

दांडीचा स्क्रू सैल झाला होता. मोटर आवाज करत होती, कुलूप मात्र जागचं हललंच नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "आवाजावर विश्वास ठेवू नये. बघून घेतलेलं बरं."

स्क्रू आता पक्का आहे. पण रोज रात्री रिमोट दाबल्यावर आमच्यापैकी एक जण गाडीभोवती फेरी मारतोच. तुम्हीही मारा. त्याला ना वायरिंग लागतं, ना बॅटरी!