वामच्या आतड्यातला कृमी ओळखताना

भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात उजनी धरणाची मासळी येते: रोहू, कटला, चिलापी, मरळ, वाम. माशांतले परजीवी चपटकृमी शिकायचे, तर बारामतीच्या विद्यार्थ्याला याहून सोयीची जागा नाही. मासा मात्र ताजा हवा. मासा मेला की कल्ल्यांवरचे कृमीही लवकर मरतात, गळून पडतात. कोकणातून बर्फात आलेल्या बांगड्याच्या कल्ल्यांत ते शोधणे म्हणूनच अवघड.

कृमी कुठे सापडला, ही ओळखीची पहिली खूण. कल्ल्यावर किंवा कातडीवर, शेपटाकडच्या टोकाला आकडे असलेला बारीक जीव दिसला, तर तो बहुधा मोनोजेनिया वर्गातला. त्याच्या जीवनचक्राला माशाखेरीज दुसरा प्राणी लागत नाही. कार्पच्या कल्ल्यांवरच्या डॅक्टिलोगायरसला डोळ्यांचे चार ठिपके असतात आणि तो अंडी घालतो. गायरोडॅक्टिलसला डोळे नसतात, तो पिल्लांना जन्म देतो.

पानासारखा चपटा, तोंडाशी एक आणि पोटावर एक चूषक असलेला कृमी ट्रिमॅटोडा वर्गातला. त्याचा प्रवास गोगलगाईतून सुरू होतो. क्लिनोस्टोमम याच वर्गातला. त्याची अळी माशाच्या मांसात पिवळ्या गाठीत थांबते आणि बगळ्याने तो मासा गिळला की बगळ्याच्या तोंडात, घशात प्रौढ होते. भिगवणच्या पाणथळीत गोगलगाय, मासा आणि बगळा शेजारीच नांदतात, म्हणून हे चक्र इथे समजावून सांगणे फार सोपे जाते.

आतड्यात फितीसारखा, खंडाखंडांचा कृमी निघाला, तर तो पट्टकृमी. त्याला स्वतःचे आतडे नसते. अन्न तो कातडीतूनच शोषतो. इथे सगळी भिस्त डोक्यावर. वाम आणि मरळीतल्या सेंगाच्या डोक्याला दोन उभ्या खाचा आणि माथ्यावर आकडे असतात. मागूर माशातल्या लायटोसेस्टसचे शरीर मात्र अखंड असते, खंड पडतच नाहीत. समुद्रातल्या मुशी-पाकटांच्या आतड्यात तर डोक्यातून चार काटेरी सोंडा बाहेर काढणारे पट्टकृमीही आढळतात.

औरंगाबादचे जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम ही नवी प्रजाती वर्णिली. आकड्यांचे वर्तुळ ही तिची खूण. त्यानंतर मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी या गटातल्या कितीतरी जातींना नावे दिली. त्यांतली बरीच वर्णने आकड्यांची संख्या, डोक्याचा आकार आणि वृषणांची मोजदाद यांवर उभी आहेत. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. आकडे गळतात, आणि आखडलेल्या कृमीचे डोके चौकोनी दिसते तर सैल पडलेल्याचे लांबट. दोन नमुन्यांतला फरक जातीचा, की फक्त मरताना अंग आखडल्याचा?

म्हणून नावाआधी तयारीला वेळ द्यावा. आतडे उभे चिरून सौम्य मिठाच्या पाण्यात उघडावे. कृमी ओढू नये. डोके आतड्याच्या भिंतीत अडकलेले असते, ओढले की तुटते आणि नमुना वाया जातो. तो आपणहून सैल पडू द्यावा. मग वाफाळत्या फॉर्मॅलिनमध्ये झटकन मारावा, म्हणजे अंग आखडायला वेळच मिळत नाही. पुढे हिमॅटॉक्सिलिन किंवा कारमाइनने रंगवून, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन झायलीनने पारदर्शक करावा आणि डीपीएक्समध्ये काचपट्टीवर बसवावा. आता वृषणे, अंडाशय, जननछिद्राची जागा दिसू लागते. मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीच शरीराचा छोटा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये राखून ठेवावा, कारण फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही.

एकाच कृमीवरून नवी जात जाहीर करू नये. वेगवेगळ्या माशांतले, लहान-मोठे, पुष्कळ नमुने मोजावेत आणि किमान-कमाल दोन्ही मापे लिहावीत. प्रत्येक काचपट्टीच्या चिठ्ठीवर माशाची जात, अवयव, ठिकाण आणि तारीख हवी. नवी जात वाटलीच, तर मूळ नमुना पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा करता येतो. नंतरच्या अभ्यासकाला तो पुन्हा तपासता आला पाहिजे.