जिंकलो असतो, तर हीच तक्रार केली असती का?

संक्रांतीला आपण सगळ्यांना तीळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. २०२२ मध्ये १४ जानेवारीला, शुक्रवारी, दुपारी दोनपर्यंत आपण ते पाळलंही. मग केपटाऊनला चौथ्या दिवसाचा खेळ सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात दक्षिण आफ्रिकेनं २१२ धावांचं लक्ष्य तीन गडी गमावून गाठलं, मालिका २-१ अशी खिशात घातली आणि आपल्या ग्रुपवरचा गोडवा तिथंच संपला.

तुमच्या ग्रुपवर काय आलं, ते न बघताही सांगता येईल. आधी डीआरएसवरचे मीम्स. मग ‘काहून बे, पुजारानं तो कॅच सोडला काहून?’ मग रहाणेला काढा, पुजाराला काढा, सगळ्यांनाच काढा. कॉलेजं तेव्हा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद होती, त्यामुळे प्रत्येकाकडे टाइप करायला वेळच वेळ. चंद्रपुरात मॅच लाइव्ह दिसत होती. भामरागड-एटापल्लीकडच्या मित्रांकडे रेंज येत-जात होती, तिथं नुसता स्कोअर पोचत होता. पण राग सगळीकडे सारख्याच वेगानं पोचला.

राग येणं चूक नाही. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्या माणसांच्या मुलखातले आपण, पाच दिवसांच्या खेळात जीव गुंतवला तर शेवट वाईट झाल्यावर दुखणारच. प्रश्न एवढाच की त्या दुखण्याचं आपण पुढे काय करतो.

एवढ्यात हुकलं

आधी नेमकं काय हुकलं ते बघू. दक्षिण आफ्रिकेत आपण १९९२-९३ मध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका खेळलो. हा आठवा दौरा होता आणि तिथं आपण अजून एकही कसोटी मालिका जिंकलेली नाही. त्या दौऱ्याची सुरुवात तर स्वप्नासारखी झाली. सेंच्युरियनला राहुलच्या १२३ धावा, शमीचे पाच बळी आणि ११३ धावांनी विजय. त्या मैदानावर आशियातल्या कुठल्याही संघानं मिळवलेला तो पहिला कसोटी विजय. त्याच संध्याकाळी क्विंटन डी कॉकनं कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. त्यांचा नॉर्किया तर दुखापतीमुळे आधीच मालिकेबाहेर होता. ‘आता झालीच समजा’ असं आपण सगळ्यांनीच म्हटलं होतं ना?

मग जोहान्सबर्गचं वाँडरर्स. तिथं आपण त्याआधी एकही कसोटी हरलो नव्हतो. पालघरच्या शार्दूल ठाकूरनं एका डावात ६१ धावांत सात बळी घेतले. तरी कर्णधार डीन एल्गर अंगावर चेंडू खात नाबाद ९६ धावा करून उभा राहिला आणि त्यांनी २४० चं लक्ष्य गाठलं. केपटाऊनला निर्णायक सामना. आपण पहिल्या डावात १३ धावांनी पुढे होतो. म्हणजे चार डावांपैकी दोन झाले, तेव्हा मालिका खरोखर कुणाचीही होती.

पाहुण्या संघानं पहिली कसोटी जिंकावी आणि पुढच्या दोन हराव्यात, हे जास्त झोंबतं. तीनही हरलो असतो तर दोन दिवसांत विसरलो असतो.

तो एक चेंडू

आता गुरुवारच्या त्या चेंडूकडे येऊ. अश्विनचा चेंडू एल्गरच्या पायावर आदळला आणि अंपायर मराईस इरॅस्मस यांनी बोट वर केलं. एल्गरनं रिव्ह्यू घेतला आणि हॉक-आयनं दाखवलं की चेंडू स्टंपच्या वरून जातोय. निर्णय बदलला. पुढचं तुम्ही बघितलंच. आपले खेळाडू स्टंपजवळच्या माइकमध्ये बोलायला लागले. कुणी प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला सुनावलं, तर कुणी म्हणालं की अकरा जणांविरुद्ध अख्खा देश खेळतोय.

इथं एक गंमत लक्षात घ्या. ज्या अंपायरनं एल्गरला बाद दिलं, तो दक्षिण आफ्रिकेचाच. कोविडमुळे तेव्हा यजमान देशाचे अंपायर चालत होते. अख्खा देश आपल्या विरोधात असता, तर त्यांनी बोट वर केलंच नसतं. दुसरं, न्यूलँड्सच्या खेळपट्टीवर उसळी होती. या सामन्यात आपले वीसच्या वीस गडी झेलबाद झाले. कसोटीच्या इतिहासात असं कुठल्याच संघाचं याआधी झालेलं नाही. ज्या उसळीनं आपल्या बॅटच्या कडा घेतल्या, त्याच उसळीनं अश्विनचा चेंडू वरून जाऊ शकतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

समजा हॉक-आय चुकलं. तरी एल्गर तेव्हा २२ धावांवर होता आणि ३० वर बाद झाला. तो एक चेंडू आपल्याला आठ धावांना पडला. त्यापेक्षा महाग पडलं ते नंतरचं. आपले खेळाडू माइककडे बघत राहिले आणि धावा पटापट निघून गेल्या. सामन्यानंतर एल्गरनंच सांगितलं की भारतीय संघ काही काळ खेळ विसरला आणि ते आमच्या पथ्यावर पडलं.

खरा हिशेब स्कोअरकार्डात आहे. दुसऱ्या डावात आपल्या १९८ धावा. त्यात पंत नाबाद १००, कोहली २९ आणि अवांतर २८. उरलेल्या नऊ जणांनी मिळून ४१. अवांतर हा आपला तिसरा सर्वाधिक धावा करणारा ‘फलंदाज’ होता! याच डावात पुजाराचा कॅच लेग स्लिपला कीगन पीटरसननं घेतला आणि दुसऱ्या दिवशी ५९ वर असलेल्या पीटरसनचा कॅच पुजाराच्या हातून सुटला. पीटरसननं ८२ केल्या आणि मालिकावीरही तोच ठरला. टॉसला बोल लावायचा, तर तीनही टॉस आपणच जिंकले होते.

वाँडरर्सचं काय?

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो दुसऱ्या कसोटीतल्या एका झेलानं. ४ जानेवारीला लंचच्या तोंडावर शार्दूलच्या चेंडूवर व्हॅन डर डुसेनचा कॅच पंतनं घेतला. रिप्लेत चेंडू जमिनीला लागला की काय, असं वाटत होतं. नक्की सांगता येत नव्हतं, निर्णय कायम राहिला. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार आणि मॅनेजर लंचमध्ये अधिकाऱ्यांना भेटायला गेले.

आता आपापला फोन काढा आणि त्या दिवशीचे स्वतःचे मेसेज शोधा. किती जणांनी ‘हे बरोबर नाही झालं’ असं लिहिलंय? मी माझ्या तिन्ही ग्रुपवर शोधलं. एकही नाही. शंकेचा फायदा आपल्याला मिळाला तेव्हा तो खेळाचा भाग होता. त्यांना मिळाला तेव्हा कट झाला.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. त्याच्या पाच महिने आधी याच केपटाऊनमध्ये रग्बीची मालिका झाली होती. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा पाहुणा संघ पहिली कसोटी जिंकला, पुढच्या दोन हरला. ७ ऑगस्टला तिसरी कसोटी १९-१६ अशी संपली, शेवटच्या मिनिटांतल्या मॉर्नी स्टेनच्या किकवर. आपल्यासारखीच गोष्ट, प्रेक्षकांशिवायचं तसंच रिकामं मैदान. पण पहिली कसोटी हरल्यावर रेफरीच्या निर्णयांवर तासाभराचा व्हिडिओ कुणी काढला माहितीय? यजमान दक्षिण आफ्रिकेच्या रासी इरॅस्मसनं. त्याबद्दल त्यांच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. म्हणजे ज्यांना आपण शुक्रवारी ‘नशीबवान’ म्हणत होतो, तेही हरल्यावर आपल्यासारखेच वागतात.

तक्रार खरी असते तेव्हा

याचा अर्थ गप्प बसावं असा नाही. डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा पेपरफुटीमुळे ऐनवेळी पुढे ढकलली गेली. आरोग्य विभागाच्या भरतीतही पेपर फुटला आणि अटका झाल्या. आपल्यातले कितीतरी जण बसभाडं खर्चून केंद्रापर्यंत गेले होते. तिथं आवाज उठवणं म्हणजे रडगाणं नव्हे, तो हक्क आहे.

मग खरी तक्रार आणि रडगाणं यात फरक कसा करायचा? माझ्यापुरता मी एक प्रश्न ठरवलाय: जिंकलो असतो, तर हीच तक्रार केली असती का? पेपर फुटला असेल, तर माझी निवड झाली तरी ते चूकच. हॉक-आयबद्दल आपण जिंकल्यावरही बोललो असतो का? वाँडरर्सच्या झेलाबद्दल आपण बोललो नाही, यातच उत्तर आलं.

एका मार्कानं

हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत जरा जास्त महत्त्वाचा आहे, कारण थोडक्यात हरणं आपल्याला क्रिकेटपेक्षा जवळून माहीत आहे. पहाटे साडेचारला चामोर्शी रोडवर, धानोरा रोडवर धावणारी पोरं-पोरी आठवा. कुणाचं १६०० मीटर, कुणाचं ८०० मीटर, मग गोळाफेक, मग लेखी. आणि मग मेरिट लिस्ट, ज्यात एका मार्कानं नाव खाली जातं. अशी यादी लागल्यावर मित्राला आपण काय म्हणतो? ‘सेटिंग असेल रे.’ त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. पण ते त्याला खरं वाटायला लागलं, तर तो दुसऱ्या दिवशी धावायला कशाला जाईल? आणि त्याचा गोळा कमी पडला होता, हे त्याला कोण सांगणार?

केपटाऊनला खेळलेला आपला विदर्भाचा उमेश यादव हेच सगळं बघून आलाय. खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या वाचकांना ते घर कसं असतं हे सांगायला नको. त्यानं सैन्यात आणि पोलिसात जायचा प्रयत्न केला, दोन्हीकडे जमलं नाही. तोवर तो टेनिस बॉलवर खेळत होता. लेदर बॉल त्याच्या हातात आला तो विशीच्या आसपास. २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. सिराज जखमी झाल्यामुळे केपटाऊनला त्याला संधी मिळाली. पहिल्या डावात दोन बळी, दुसऱ्यात एकही नाही. भरती हुकली म्हणून तो मैदान सोडून गेला असता, तर हा स्कोअरही नसता.

शुक्रवार ते शनिवार

आणखी एक गोष्ट. शुक्रवारी आपण विराट कोहलीला काय काय म्हणालो आणि शनिवारी संध्याकाळी त्यानं कसोटीचं कर्णधारपद सोडल्यावर आपल्या स्टेटसवर काय होतं? ‘थँक यू किंग.’ ६८ कसोटी, ४० विजय. हे आकडे शुक्रवारीही जवळपास तेच होते, चोवीस तासांत काहीच बदललं नव्हतं. बदललो होतो फक्त आपण.

ऑक्टोबरमध्ये टी-२० विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला काय काय ऐकावं लागलं, तेही विसरू नका. त्याच शमीनं दोन महिन्यांनी सेंच्युरियनला पाच बळी घेतले आणि आपण नाचलो. आपला राग ओसरतो. ज्याच्यावर काढला, त्याच्या फोनमध्ये तो तसाच राहतो.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी हरल्यावर तीन कामं करून बघा. टाइप करण्याआधी पूर्ण स्कोअरकार्ड वाचा. समोरच्या संघातल्या एकाचं नाव घेऊन कौतुक करा. या मालिकेत मार्को यान्सेनचं करता येईल. तेव्हा वय अवघं २१, आपल्याच बरोबरीचा, पहिलीच मालिका आणि १९ बळी. २०१८ मध्ये भारतीय संघ तिकडे गेला, तेव्हा हाच पोरगा नेटमध्ये कोहलीला चेंडू टाकत होता. आणि तिसरं, एखाद्या खेळाडूला लिहिताना ते वाक्य मेरिट लिस्टमध्ये हुकलेल्या मित्राला तोंडावर म्हणाल का, ते तपासा.

त्या कसोटी मालिकेनंतर पार्लमध्ये वनडे मालिका सुरू झाली, कर्णधार राहुल. दुपारी दोनला सगळे पुन्हा फोनला चिकटले. जिंकलो तर जल्लोष आहेच. आणि एखादा निर्णय आपल्या बाजूनं चुकीचा लागला, तर ग्रुपवर तेवढं एकदा लिहून टाका. बघू या, पहिला कोण लिहितो ते.