कर्जाचा सातबारा



आमच्या एका गटातल्या ताई पिठाच्या गिरणीसाठी बँकेत कर्ज मागायला गेल्या. बरोबर गिरणीचं कोटेशन होतं, घराचा उतारा होता, गटाचं शिफारसपत्र होतं. गटात नऊ वर्षं झाली, एक बैठक चुकवलेली नाही. साहेबांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे. कर्ज बसत नाही." ताई तिथून थेट आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "मी कुणाचा रुपया बुडवला नाही. हे सिबिल कोण, आणि त्याला माझ्याबद्दल काय माहीत?"

हा प्रश्न आता गावोगावच्या बायकांना पडतो आहे. म्हणून आज सिबिलबद्दल बोलू.

सातबारा आपल्याला माहीत आहे. जमीन कुणाची, किती, तिच्यावर कुणाचा बोजा, सगळं एका कागदावर. तसाच एक उतारा आपल्या कर्जाचा असतो. त्याला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात. आपण कुठून कर्ज घेतलं, किती घेतलं, हप्ता वेळेवर भरला की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर आपल्यातल्या किती जणींचं नाव आहे? बैठकीत विचारलं तर दोन-चार हात वर येतात. या कर्जाच्या उताऱ्यावर मात्र आपलं नाव पक्कं असतं, आणि तिथला बोजाही आपल्याच नावावर असतो.

हा उतारा कोण ठेवतं?

आपल्या देशात हे काम चार कंपन्या करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ सालचा कायदा आहे आणि रिझर्व्ह बँकेची त्यांच्यावर देखरेख असते. सिबिल ही त्यातली सर्वांत जुनी. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो ना, तसं सगळ्याच कंपन्यांच्या उताऱ्याला लोक सिबिल म्हणायला लागले.

बँक असो, फायनान्स कंपनी असो की गावात केंद्र भरवणारी मायक्रोफायनान्स कंपनी, त्यांनी आपल्या कर्जाची माहिती या चारही ठिकाणी कळवायची असते. पूर्वी ती महिन्याने जायची. १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी जायला लागली. बचत गटाला बँकेने कर्ज दिलं तर गटातल्या कुठल्या सभासदाला किती गेलं, ही माहितीही कळवावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच बँकांना सांगितलं आहे. म्हणजे "कर्ज गटाचं आहे, माझं नाही" असं म्हणून चालत नाही.

या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या मध्ये एक आकडा काढतात. तो स्कोअर. ९०० कडे जाईल तितका चांगला. साधारण ७५० च्या वर असला की बऱ्याच बँका चांगला मानतात. पण कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, कंपनी नाही. बँक आपलं उत्पन्न आणि धंदाही बघते.

कधीच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअर निघत नाही. त्या जागी उणे एक किंवा "एनएच" असं काही येतं. ते बघून घाबरू नका. पाटी कोरी आहे एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्या माणसाचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे.

ताईंच्या उताऱ्यात काय निघालं?

आम्ही ताईंचा उतारा काढला आणि ओळीने वाचला. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट, शिलाई मशीनचं कर्ज. ते दोन वर्षांपूर्वी फिटलं होतं, तरी उताऱ्यात चालू दिसत होतं आणि पुढे १,८४० रुपये थकबाकी. फायनान्स कंपनीने खातं बंद झाल्याचं कळवलंच नव्हतं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा राहून जातो, तसलाच प्रकार.

दुसरी गोष्ट, एकाच महिन्यात तीन ठिकाणी कर्जाची चौकशी. ताई म्हणाल्या, "मी तर एकाच बँकेत गेले." मग आठवलं. तालुक्याच्या गावी एकजण म्हणाला होता, "आधार द्या, कुठून तरी करून देतो." त्याने तीन कंपन्यांत अर्ज टाकले होते. प्रत्येक कंपनीने उतारा बघितला आणि प्रत्येकाची नोंद पडली. थोड्या दिवसांत अशा खूप नोंदी दिसल्या की या माणसाला पैशाची फार ओढाताण आहे असं समजतात आणि गुण कमी होतात. आपण स्वतः आपला उतारा बघितला तर मात्र एकही गुण कमी होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. मायक्रोफायनान्सचं ४०,००० रुपयांचं कर्ज, पाच महिने थकलेलं. ते ऐकून ताई गप्पच झाल्या. पैसे त्यांच्या जावेने वापरले होते. जावेच्या नावावर आधीच दोन कर्जं होती, तिसरं मिळेना, म्हणून ताईंनी सही केली. जाऊ हप्ता भरत होती. कांद्याचा भाव पडला आणि हप्ता थांबला.

इथे आम्हाला आमची चूकही सांगितली पाहिजे. तो हप्ता जाऊ भरते, हे आम्हाला माहीत होतं. गटात हे चालतंच, घरातलं प्रकरण आहे, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. मैत्रिणींनो, पैसे कुणी वापरले ही नोंद उताऱ्यात कुठेच नसते. सही कुणाची, एवढीच नोंद असते. जावेसाठी असो, भावासाठी असो की शेजारणीसाठी असो, आपल्या नावावरचं कर्ज आपलंच. जामीनदार म्हणून सही केली तरी ते कर्ज आपल्या उताऱ्यात दिसतं. नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जात सहकर्जदार म्हणून अंगठा उमटवला तरीही.

गुण कशाने वाढतात, कशाने घटतात?

सर्वांत महत्त्वाचा हप्त्याचा दिवस. उताऱ्यात प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो. वेळेवर भरलं की तिथे तीन शून्यं येतात, किंवा "एसटीडी" ही अक्षरं येतात. उशीर झाला की जितके दिवस उशीर तितका आकडा पडतो. रक्कम लहान आहे म्हणून उशीर माफ होत नाही. हप्त्याचं कर्ज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं धरतात.

गटांनी एक गोष्ट तपासावी. बँकेचा हप्ता ५ तारखेला आणि आपली बैठक १० तारखेला, असं आहे का? सगळ्या जणी वेळेवर पैसे देतात, पण भरणा पोहोचतो उशिरा. मग गटाच्या कर्जावर दर महिन्याला उशिराची नोंद होत राहते. बैठकीची तारीख हप्त्याच्या आधी घ्या. एवढ्याने काम होतं.

दुसरी गोष्ट तडजोडीची. कर्ज थकलं की वसुलीवाले म्हणतात, "इतके भरा, बाकीचं सोडून देतो." त्या वेळी बरं वाटतं. पण उताऱ्यात तिथे "क्लोज्ड" न येता "सेटल्ड" येतं. पुढची बँक ते वाचते आणि समजते की पूर्ण पैसे भरलेले नाहीत. "रिटन ऑफ" हा शेरा त्याहून वाईट. जमत असेल तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घ्यावं.

तिसरी गोष्ट अफवांची. "बायकांची कर्जं माफ होणार, हप्ते भरू नका," असं सांगत कुणीतरी गावात फिरतं. सरकारी आदेश हातात नसताना थांबवलेला प्रत्येक हप्ता आपल्या उताऱ्यात थकलेलाच दिसतो. सांगणारा तेव्हा गावात नसतो.

चौथी गोष्ट कर्जाच्या ओझ्याची. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. २०२२ च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. घरात महिन्याला १६,००० रुपये येत असतील तर सगळे हप्ते मिळून ८,००० च्या आत. हा हिशेब कंपनीने करायचा असतो, पण आपणही करावा. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागलं, तर तिथेच थांबून गटात बोला.

आणि हप्ता थकला म्हणून अपमान सोसायची गरज नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर कुणी येऊ शकत नाही, फोनही करू शकत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही.

उतारा कसा काढायचा?

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येकाला पूर्ण उतारा फुकट द्यायचा, असा नियम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन किंवा दुसरं ओळखपत्र आणि मोबाइल नंबर टाकावा लागतो. मोबाइलवर ओटीपी येतो. चार कंपन्या आहेत, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. बँक सखीची किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीची मदत घ्या, पण स्वतः शेजारी बसा.

इथे मोबाइल नंबर महत्त्वाचा. कर्ज घेताना आपण नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर देतो. कुणी आपला उतारा बघितला की कंपनीने आपल्याला संदेश पाठवायचा असतो. तो संदेश जातो दुसऱ्याच्या फोनवर, आणि आपल्या नावावर कुणी अर्ज टाकला तर आपल्याला पत्ता लागत नाही. बँकेत जाऊन आपला स्वतःचा नंबर लावून घ्या.

"पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो," असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते.

चूक निघाली तर?

ज्या बँकेची किंवा कंपनीची नोंद चुकली, तिच्याकडे लेखी तक्रार करा आणि उतारा देणाऱ्या कंपनीकडेही करा. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २०२४ पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. १४४४८ या नंबरवर फोन केला तर माहिती मिळते.

ताईंच्या शिलाई मशीनच्या कर्जाचा बेबाकी दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला, म्हणून काम सोपं झालं. तो जोडून अर्ज केला आणि तिसऱ्या आठवड्यात थकबाकी निघून गेली. म्हणून सांगतो, कर्ज फिटलं की बेबाकी दाखला मागून घ्या आणि रेशनकार्डासारखा जपा.

जावेच्या कर्जाला मात्र अर्ज चालला नाही, कारण ती नोंद खरी होती. आम्ही दोघींना समोरासमोर बसवलं. पहिल्या दिवशी भांडण झालं, दुसऱ्या दिवशी रडारड झाली, तिसऱ्या बैठकीत हिशेब झाला. जाऊ शेळी विकून दोन हप्ते भरणार, बाकीचं ताई आणि जाऊ मिळून. आता मागची थकबाकी भरून झाली आहे आणि चालू हप्ता वेळेवर जातो. उशिराचे जुने चौकोन लगेच पुसले जात नाहीत. पण पुढे एकेक महिन्याची तीन शून्यं पडत जातात, तसा स्कोअर हळूहळू वर येतो.

ताईंची गिरणी अजून आलेली नाही. बँकेने काही महिन्यांनी पुन्हा या म्हटलं आहे. कोटेशन त्यांनी जपून ठेवलं आहे.

आमच्या गटांनी आता एक ठराव केला आहे. सभासदाने कर्जाचा अर्ज दिला की बैठकीत सगळ्यांसमोर विचारायचं, "पैसे कोण वापरणार? हप्ता कोण भरणार?" दोन्हीचं उत्तर "मी" आलं तरच शिफारस द्यायची. सुरुवातीला काही जणी रुसल्या. आता त्याच दुसऱ्यांना विचारतात.

पुढच्या बैठकीला तुम्हीही हे दोन प्रश्न विचारून बघा. आणि घरी गेल्यावर ती पत्र्याची पेटी उघडून बेबाकी दाखले आहेत का, तेवढं बघा.